नांदेड जिल्ह्यापुरतं

दयानंद कुणाला भितो असं गुरुलिंग असेपर्यंत कुणी म्हटलं नसतं. हदगाव रस्त्यावर दोघांचा भागीत पेट्रोल पंप होता. गुरुलिंग बोलका, गिऱ्हाईक आणि बँक त्याच्याकडं. दयानंद अबोल, टँकर, मशिनी आणि कामावरची माणसं त्याच्याकडं. एका संध्याकाळी मोटारसायकलवर दोघं आले आणि गुरुलिंगच्या हातातली पैशाची पिशवी ओढायला लागले. त्यानं ती सोडली नाही. चाकू बरगडीखाली लागला. दयानंद आतल्या खोलीतून धावत आला तेव्हा ते निघतच होते. मागं बसलेल्यानं वळून पाहिलं आणि त्याच्या तोंडावरचा रुमाल खाली घसरला. तो चेहरा दयानंदनं नीट पाहिला. मग तो गुरुलिंगपाशी खाली बसला. गुरुलिंग उलट त्यालाच समजावत राहिला, काही न्हाई, काही न्हाई म्हणून, आणि अँब्युलन्स यायच्या आत गेला.

पोलिसांनी त्या माणसाला पकडलं. ओळखपरेडीत दयानंदनं त्याच्यापुढं उभं राहून हाच तो म्हणून सांगितलं. दुसरा सापडला नाही. पुढं थोड्याच दिवसांत फोन यायला लागले. बोलणारा शिव्या देत नसे. साधं विचारायचा, आज निळा शर्ट घातला का, पोरगी शाळेतून आली का. कोर्टात साक्ष द्यायची नाही, एवढंच त्याचं म्हणणं असायचं. दयानंदनं पोलिसांना सांगितलं. काही दिवस एक शिपाई घरासमोर खुर्ची टाकून बसला, मग त्याला बंदोबस्ताला नेलं. मागून मोटारसायकलचा आवाज आला की दयानंद गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायचा, मोटारसायकल पुढं जाऊ द्यायचा आणि मगच निघायचा.

रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज कर, असं त्याला पंपावरच्याच एकानं सुचवलं. चौकशी झाली, अहवाल गेले, कलेक्टर कचेरीत खेटे झाले, आणि बऱ्याच महिन्यांनी परवाना मिळाला. ठाण्याच्या इन्स्पेक्टरनं त्याला समोर बसवून सगळं समजावलं. हे कुणाला दिसता कामा नये, काढून दाखवायची वस्तू नाही ही. दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, गाडीत सोडून जायचं नाही. कोर्टात, शाळेत, देवळात, सभेत घेऊन जायचं नाही. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायचं. मग परवान्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "आणि ही हद्द लक्षात ठेवा. नांदेड जिल्ह्यापुरतं आहे हे. बाहेर जाताना घरी कुलपात."

रिव्हॉल्व्हर लहानच होतं. चामड्याच्या म्यानात, पँटच्या आत, उजव्या कमरेला बसायचं. दयानंद आयुष्यभर शर्ट खोचून घालणारा माणूस. उज्वलानं, त्याच्या बायकोनं, त्याच्यासाठी सैल, लांब सदरे शिवून आणले. ती गावातल्या एका शाळेत शिक्षिका होती. पहिल्या दिवशी तिनं त्याला पुढून, मागून, बाजूनं पाहिलं आणि दिसत नाही म्हणाली. त्या रात्री पुष्कळ दिवसांनी त्याला झोप लागली. तिलाही बरं वाटलं.

पण मग असं झालं की जिथं ते चालत नाही तिथं तो जाईनासा झाला. देविकाच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. पोरगी नाचात होती. रिव्हॉल्व्हर घरी ठेवून जाता आलं असतं. तो तयार झाला, दारापर्यंत आला आणि पंपावर टँकर आलाय म्हणून परत फिरला. टँकर आलेला नव्हता. माहूरला रेणुकेच्या दर्शनाला गेले तेव्हा देवीच्या पायऱ्यांखाली तो गाडीतच बसून राहिला. उज्वला आणि देविका वर जाऊन आल्या. त्याच्यासाठी उज्वलानं प्रसादाचा तांबूल आणला होता. तो त्यानं गाडीतच कपाळाला लावून खाल्ला. बँकेचं काम फोनवर, लग्नाचा आहेर दुसऱ्याच्या हाती. उज्वला सुरुवातीला बोलायची, नंतर तिनं बोलणं सोडलं. साक्षीच्या दिवशी मात्र त्याला कोर्टात जावंच लागलं. दोन पोलिसांच्या मधून तो गेला, नीट साक्ष दिली, सरळ घरी आला. त्या माणसाला शिक्षा झाली. फोन नंतर फार कमी आले, मग आलेच नाहीत. दयानंदच्या कमरेचं म्यान मात्र तसंच राहिलं.

सगळ्यांत लांबची जागा होती ती किल्लारी. तिथं त्याची आई होती.

गुणाबाईचं घर भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेल्या वस्तीत होतं. भूकंपात तिचा नवरा आणि थोरला मुलगा, अण्णाराव, दोघंही गेले. दयानंद शाळकरी होता, सुकन्या अंगावर पीत होती. त्या दोघांना घेऊन तिनं शेत केलं, पोराला शिकवलं, पोरीला गावातच दिलं. दयानंदनं कितीदा म्हटलं, नांदेडला ये, कायमची ये. ती यायची, चार दिवस राहायची आणि शेळ्यांचं कारण काढून निघून जायची. ती माणसं या मातीत आहेत, असं काही ती बोलत नसे. शेळ्याच म्हणायची.

पूर्वी दयानंद महिन्याला जायचा. गाडी काढली की लोहा, अहमदपूर, लातूर करत जेवायच्या वेळेला किल्लारीत. आता हद्दीच्या पलीकडं रिकाम्या कमरेनं जायचं म्हटलं की त्याचा हात स्टेअरिंगवर घट्ट व्हायचा. एकदा तो माळाकोळीपर्यंत जाऊन परत आला. आईला म्हणाला, गाडी गरम झाली. नंतर पंपाची कामं, मग पाय मुरगळला, मग पाहुणे. गुणाबाई फोनवर प्रत्येक वेळी बरं म्हणायची. ती लातूरमार्गे नांदेडला येणाऱ्या एसटीत कंडक्टरच्या हाती पिशवी द्यायची, त्यात कधी ज्वारीचा हुरडा, कधी करडईची भाजी, कधी नुसत्या शेंगा. दयानंद बसस्टँडवर जाऊन ती पिशवी घ्यायचा. सदऱ्याखाली हात ठेवून तो फलाटाला उभा असायचा, आणि आईच्या हातची गाठ मारलेली पिशवी खिडकीतून खाली यायची.

त्यानं परवान्याची हद्द लातूरपर्यंत वाढवून मागितली. कचेरीतल्या माणसानं अर्ज वाचला आणि विचारलं, लातूर जिल्ह्यात तुम्हाला कुणापासून धोका आहे.

"तिथं धोका न्हाई," दयानंद म्हणाला. "तिथं आई हाय."

"मग तिथं शस्त्र कशाला?"

अर्ज मागं आला.

शेवटी गुणाबाईच नांदेडला आली. सुकन्यानं तिला बसमध्ये बसवून दिलं होतं. दारात दयानंद वाकून पाया पडला तेव्हा सदरा वर सरकला आणि तिला ते दिसलं. जेवण झाल्यावर, उज्वला आत भांडी लावत असताना, तिनं विचारलं. दयानंदनं सगळं सांगितलं. गुरुलिंग गेल्याचं तिला माहीत होतं, फोनचं माहीत नव्हतं.

"म्हंजे माझ्याकडं यायचं तर हे घरी ठिवावं लागतं," ती म्हणाली.

"हाव."

"म्हणून येत न्हाईस."

गुणाबाईनं सुपारी कातरली, तोंडात टाकली. "मला वाटलं, माझं काय चुकलं," ती म्हणाली. "सुकन्याला मी लई बोलले. म्हटलं, तूच काय तर दादाला बोलली असशील."

दयानंदनं तिला सांगितलं की तसं काही नाही, पुढच्या महिन्यात मी येतो, नक्की येतो. ती बरं म्हणाली. जाताना बसमध्ये बसल्यावर तिनं खिडकीतून त्याचा चेहरा दोन्ही हातांनी कुरवाळला आणि जेवत जा नीट, एवढंच सांगितलं. पुढच्या महिन्यात तो गेला नाही. त्याच्या पुढच्याही महिन्यात नाही.

सुकन्याचा फोन आला तो सकाळी, उज्वला शाळेला निघायच्या बेतात असताना. आई पहाटे गोठ्यात पडली. एक बाजू गेली, तोंड वाकडं झालं, पण बोलतेय. लातूरला दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणतात, जवळच्या माणसांना बोलवा.

उज्वलानं शाळेत कळवलं आणि देविकाला शेजारी सोडलं. तिनं नवऱ्याला समोर उभं करून विचारलं, "ते ठेवलं का?"

त्यानं तिच्यासमोरच म्यान काढलं, कपाटाच्या कप्प्यात ठेवलं, कुलूप लावलं. दोघं खाली आले. तो गाडीत बसला. चावी लावली, पण गाडी सुरू होईना, म्हणजे त्याच्याच्यानं चावी फिरवली जाईना. उज्वला म्हणाली, मी येतेय ना सोबत, भरदिवसा कोण काय करतंय. तो हो म्हणाला. मग म्हणाला, पाकीट राहिलं, आणि वर गेला. तो खाली आला आणि गाडी लगेच सुरू झाली. उज्वलाला वाटलं, सुटलं एकदाचं.

लोह्यापर्यंत त्यानं गाडी चांगली चालवली, आईच्या दुखण्याबद्दल बोललाही. माळाकोळी गेलं. हद्दीची पाटी गेली तेव्हा तो बोलायचा थांबला. तिथून थोडं पुढं रस्त्यावर लोखंडी अडथळे लावले होते. कुठूनशी गुटख्याची गाडी येणार अशी खबर होती म्हणून सकाळपासून नाकाबंदी होती. प्रत्येक गाडी उघडून बघत होते. एका हवालदारानं दयानंदला डिकी उघडायला सांगितली. डिकीत स्टेपनी आणि पाण्याचा कॅन होता. हवालदार जा म्हणणारच होता, पण दयानंदचा हात सदऱ्यावर गेला. भीती वाटली की तो हात आपोआप तिथं जायचा, सवयच झाली होती त्याला. हवालदारानं तो हात पाहिला.

"हात वर घ्या. कमरेला काय आहे?"

उज्वला गाडीतून उतरली होती. रस्त्याच्या कडेला, लोकांसमोर, त्याच्या सदऱ्याखालून ते निघताना तिनं पाहिलं.

परवाना त्याच्या खिशात होता. फौजदारानं तो उलटसुलट वाचला. माणूस तरुण होता, आवाज चढवला नाही. तुमच्या जिल्ह्यात असता तर सलाम करून सोडलं असतं, पण इथं हे बेकायदेशीर आहे, मला सोडता येणार नाही, असं तो म्हणाला. दयानंदनं हात जोडले. आई लातूरला आहे, शेवटची घटका आहे, परत येताना मी स्वतः ठाण्यात येतो. फौजदार म्हणाला, शस्त्र जप्त करावं लागेल, पंचनामा करावा लागेल, गुन्हा नोंदवावा लागेल. जितकं लवकर करता येईल तितकं करतो. बाईंना पुढं जाऊ द्या.

उज्वलाला त्यांनी लातूरच्या एका एसटीत बसवून दिलं. बसच्या पायरीवर पाय ठेवून ती वळली. "तुम्ही माझ्यासमोर कुलूप लावलं होतं," ती म्हणाली. बस गेली.

ठाण्यात वेळ गेला. पंच मिळेनात, मग मिळाले. वजन, क्रमांक, गोळ्या, सगळं लिहून झालं. सही करायच्या आधी फौजदारानं त्याला पाणी दिलं. जामिनाचं तिथल्या तिथं झालं. तो उठला, गाडीकडं गेला आणि दार धरून उभा राहिला. फौजदार खिडकीतून बघत होता. त्यानं केरबाला हाक मारली. केरबा हा त्याच ठाण्यातला वयस्कर शिपाई, त्याची पाळी संपली होती आणि त्याचं घर लातूरलाच होतं. यांना घेऊन जा, गाडी तूच चालव, असं फौजदारानं सांगितलं.

केरबा गणवेशातच होता. चाकूरजवळ त्यानं विचारलं, आई किती वर्षांची. भूकंपाच्या वेळी तिशीची असेल, दयानंद म्हणाला. केरबा म्हणाला, मग माझ्याएवढीच की हो.

इकडं उज्वला पोचली तेव्हा गुणाबाई चांगली शुद्धीवर होती. शब्द जड येत होते, पण कळत होते. तिनं सुनेच्या मागं दाराकडं पाहिलं. उज्वलानं सांगितलं, गाडी वाटेत बिघडली, दुरुस्त करून येताहेत. गुणाबाईला ते पटलं. सावकाश ये म्हणावं, घाई करू नको, असं तिनं फोनवर सांगायला लावलं. उज्वला व्हरांड्यात गेली, फोन कानाला लावून उभी राहिली आणि कुणाशीच न बोलता परत आली, सांगितलं म्हणाली. दुपारपर्यंत गुणाबाई बोलत होती. शेळ्या कुणाला द्यायच्या ते तिनं सुकन्याला सांगितलं. दयानंद लहानपणी ढिगाऱ्याखालून निघाला तेव्हा त्यानं आधी काय मागितलं, ते तिनं उज्वलाला सांगितलं. पाणी नव्हतं मागितलं, अण्णाला काढा म्हणत होता. तो आला की त्याला विचारते, आठवतंय का, असं ती म्हणाली. मग तिला थकवा आला. डोळे मिटून ती पडून राहिली आणि बोलणं हळूहळू तुटत गेलं.

दयानंद आला तेव्हा दिवस कलला होता. दवाखान्याच्या दारातल्या रखवालदारानं त्याची कंबर चाचपली. तिथं आता काही नव्हतं. तो आत गेला, मागं केरबा. सुकन्या उठून उभी राहिली. भावाच्या मागं पोलीस बघून तिनं वहिनीकडं पाहिलं, उज्वलानं नंतर सांगते अशी मान हलवली.

"माय," दयानंद म्हणाला. "माय, म्या आलो."

गुणाबाईनं डोळे उघडले. त्याला ओळखायला तिला थोडा वेळ लागला. मग तिची चांगली असलेली बाजू हसली. नजर त्याच्या मागं गेली.

"कोण?" तिनं विचारलं.

केरबानं टोपी काढली आणि पुढं आला. "यांचा सोबती हाय मी, मावशी," तो म्हणाला. "संगं आलो."

गुणाबाईनं त्याच्याकडं पुष्कळ वेळ पाहिलं. "बरं झालं," ती म्हणाली. एक एक अक्षर वेगळं येत होतं. "येकटा... यायला भितंय."

दयानंदनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. केरबा बाहेर जाऊन बाकावर बसला. घरी जायचा माणूस, पण अंधार पडेपर्यंत तो तिथंच होता. सगळ्यांसाठी चहा आणला आणि गाडीची चावी उज्वलाच्या हातात देऊन गेला.

अण्णाची गोष्ट विचारायची राहून गेली. गुणाबाई पुन्हा बोलली नाही. दयानंद उशाशी बसून होता, तिचा चांगला हात हातात घेऊन. उजाडताना श्वास लांबत गेला आणि थांबला. किल्लारीत अग्नी त्यानंच दिला. गावातली माणसं आली होती. कुणीतरी म्हणालं, पोरगा वेळेवर पोचला, नशीबवान बाई. उज्वला तिथं बायकांमध्ये उभी होती. तिनं ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावला.

ढिगाऱ्याची गोष्ट उज्वलानं त्याला तेराव्यानंतर सांगितली. त्याला ते आठवत नव्हतं. त्यानं तिला ती पुन्हा सांगायला लावली, जशी सांगितली तशी, आईच्याच शब्दांत. आई सावकाश ये म्हणाल्याचं मात्र तिनं आणखी कितीतरी महिने सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा दोघांत भांडण चाललं होतं, आणि तिला लगेच पश्चात्ताप झाला. त्या दिवशी तो जेवला नाही. तीही जेवली नाही. कपाटाला त्यानं लावलेल्या त्या कुलपाबद्दल दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

रिव्हॉल्व्हर हद्दीपलीकडच्या ठाण्यात जमा राहिलं, परवाना आधी स्थगित आणि मग रद्द झाला. खटला अहमदपूरच्या कोर्टात लागला. वकील म्हणाला, लढू. दयानंद म्हणाला, मी नेलं होतं, लढायचं काय. तरी तारखा पडत गेल्या. कधी साहेब रजेवर, कधी कागद आले नाहीत. तारखेला तो एसटीनं जायचा, लोहा, माळाकोळी, आणि तिथून हद्द ओलांडून पुढं. सुरुवातीला कमरेवर हात जायचा आणि रिकामा परत यायचा. मागून मोटारसायकल आली की तो अजून डोळे मिटायचा. पण बस थांबत नसे आणि त्यालाही थांबवता येत नसे.

कोर्टाचं काम दुपारी संपायचं. परत नांदेडची बस धरायच्याऐवजी तो लातूरची धरायचा आणि तिथून जीपनं किल्लारीला जायचा. सुकन्यानं आईचं घर झाडून ठेवलेलं असायचं. शेळ्या तिनं स्वतःकडंच ठेवल्या होत्या. तो ओसरीवर बसायचा, अंगणातल्या लिंबाला पाणी घालायचा, शेजारची म्हातारी माणसं यायची त्यांच्याशी दोन शब्द बोलायचा. आईच्या मागं वर्षभरात तो जितक्या वेळा तिथं गेला, तितक्या वेळा ती असतानाच्या शेवटच्या तीन-चार वर्षांत मिळून गेला नव्हता.

एकदा असाच तो गेला होता. शेवटची तारीख होती ती. दंड झाला, त्यानं भरला, आता अहमदपूरला यायचं कारण उरलं नव्हतं. सुकन्यानं चुलीपुढं बसून भाकरी थापली. तो उंबऱ्यावर होता.

"दादा," ती म्हणाली, "आता भ्या वाटत न्हाई का रस्त्यानं?"

"वाटतं की," तो म्हणाला. "आज चाकूरपर्यंत लई वाटलं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगली तशी काढली आणि त्याच्या ताटात घातली. पुढच्या महिन्यात कधी येणार, असं तिनं विचारलं. त्यानं वार सांगितला.